साक्षीच्या डबीतलं घुंगरू

“बेळगावापासून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत जेवढे गुन्हे घडले, जेवढे घडत आहेत, आणि केवळ माझ्या धाकाने जेवढे घडायचे राहून गेले, त्या सर्वांची नोंद ज्याच्या मस्तकात आहे असा पुरुष या मुलखात एकच. तो म्हणजे मी, दत्तोपंत, निवृत्त नक्कलनवीस, जिल्हा कोर्ट, हल्ली मुक्काम शहापूर. माझी नजर भिंतीच्या पलीकडे जाते. माझ्या कानाला चोराच्या मनातले ऐकू येते. नाकाविषयी मी विनयाने मौन बाळगतो. गोठलेल्या हापूसच्या ज्या प्रकरणाने दोन संस्थाने हादरली...”

इथवर यांनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. ‘हादरली’च्या पुढे जाताना यांचा डोळा लागला. जेवणात आज पुरणपोळी होती. तेव्हा पुढचं मी माझ्या मनानं लिहिते. संस्थानांचं म्हणाल तर एकच होतं, कोल्हापूर, आणि ते हादरल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. पण यांचा शब्द खोडणं मला जमत नाही. देवानं मला आवाजच बारीक दिला आहे. या घरात माझं बोलणं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेपर्यंत विरून जातं. कागदावरचं तरी टिकेल.

यांनी तीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांच्या गुन्ह्यांच्या नकला केल्या. निवृत्त झाल्यावर असल गुन्हा हातात यावा अशी यांना तळमळ लागली. तो मिळाला माझ्या धाकट्या बहिणीच्या, कल्याणीच्या, आंब्यांत.

कल्याणी तीन वर्षांमागं विधवा झाली आणि खानापूरला सासरी चौदा माणसांच्या चुलीपुढं बसली. गेल्या दिवाळीला माझ्याकडे आली ती परत गेली नाही. तिला एक नाद लागला होता. कॅम्पातल्या कारखान्यातून बर्फाची लादी आणायची, फोडून तिच्यात खडेमीठ मिसळायचं, त्यात हापूसच्या फोडींचे बंद डबे पुरायचे. पाच-सहा तासांनी फोडी दगडासारख्या. असे डबे बर्फाच्या पेटीत ठेवले की वैशाखातला आंबा श्रावणात वाढता येतो. कोल्हापूरच्या एका मोठ्या क्लबात मुदपाकखाना सांभाळणारे मारुतीराव म्हणून आहेत, त्यांना हे पटलं. त्यांनी तीन खेपा मागवल्या. माल दगड होऊन आला तर दर वर्षीचं काम कल्याणीचं.

पहिली खेप गेली, विरघळून पोचली. दुसरी गेली, तीही विरघळून पोचली, वर आंबूनही गेली. मारुतीरावांनी पत्र धाडलं, ‘रस आम्हांस रत्नागिरीहूनही मिळतो. तिसऱ्या वेळी दगड यावा.’

आणि इकडं तिच्या दिरांचा निरोप आला होता. वैशाख अमावास्येला ते न्यायला येणार. तोवर धंदा उभा राहिला तर त्यांचं काही म्हणणं नाही. नाही राहिला तर वहिनींनी गुमान गाडीत बसायचं. तसा शब्द कल्याणीनं दिवाळीतच दिला होता. तिची ट्रंक माझ्या माजघरात भरून ठेवलेली होती. ती रोज तिच्यावरची धूळ पुसायची.

“विरघळलेलं पुन्हा गोठवून पाठवलं तर कुणाला कळणार आहे?” मी एकदा विचारलं.

“ज्याचं पोट बिघडेल त्याला कळेल, आक्का,” ती म्हणाली. “एकदा विरघळलं की ते फळ लगेच खायचं, नाहीतर टाकायचं. पुन्हा गोठवायचं नाही.”

त्यासाठी तिनं एक युक्ती केली होती. प्रत्येक पेटीत एक लहानशी डबी आमरसाची. ती विकायची नाही. रस गोठला की त्यावर उकळून घेतलेलं पितळेचं एक घुंगरू ठेवायचं आणि झाकण लावायचं. वाटेत माल विरघळला तर घुंगरू तळाला जाणार. मागाहून कुणी शंभरदा गोठवलं तरी ते काही वर येत नाही. ही तिची साक्षीची डबी.

हे सगळं यांना माहीत असतं तर बरं झालं असतं. पण हे कल्याणीशी बोलत नव्हते, कारण ती संशयितांच्या यादीत होती. मीही होते. माझा क्रमांक चौथा.

कोल्हापूरहून परत आलेली दुसरी पेटी यांनी ओसरीवर मांडली, भिंग घेतलं, आणि पेटीचा तळ जिभेनं चाखला.

“मीठ!” हे ओरडले. “मीठ म्हणजे समुद्र. समुद्र म्हणजे वेंगुर्लं. वेंगुर्ल्याची टोळी आहे ही!”

“भावोजी, मीठ मी घालते,” कल्याणी म्हणाली. “त्याशिवाय फोडी गोठत नाहीत.”

“तू घालतेस असं तुला वाटतं,” हे म्हणाले.

मग साक्षीची डबी उघडली गेली आणि तळातून घुंगरू निघालं. यांचे डोळे असे चमकले की मी घाबरून देवाचं नाव घेतलं.

“घुंगरू! या प्रकरणात नर्तकी आहे!”

“भावोजी, ते घुंगरू...”

“मध्ये बोलू नये. ती जाताना खूण सोडून गेली.”

या धाग्याचा तपास करायला यांना स्वतः तमाशाच्या फडावर जावं लागलं. एका खेळात धागा हाती लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. परत आल्यावर हे म्हणाले की नर्तकी निर्दोष आहे, पण तिच्यावर आणखी नजर ठेवली पाहिजे. ती नजर मी त्या आठवड्यात तिळाचं तेल लावून, अभ्यंग घालून घरीच ठेवून घेतली.

तिसरा संशय लॉरीवाल्या यल्लाप्पावर. बेळगाव ते निपाणी पेटी त्याच्या लॉरीतून जायची. तो अंगानं दणकट, घामानं सदा निथळलेला. यांनी डॉक्टरांकडून थर्मामीटर आणला आणि भर रस्त्यात त्याच्या काखेत लावला.

“अण्णा, मला ताप न्हाय,” यल्लाप्पा म्हणाला. “लावायचंच तर इंजनाला लावा की. ते हत्तरगीचा चढ आला की लई तापतंय.”

“प्रकृती उष्ण,” यांनी वहीत टिपलं. “पेटीपासून चार हातांवर बसतो. एवढी उष्णता पुरेशी आहे.”

“मग मला तवा करून इका की बाजारात,” म्हणून यल्लाप्पा निघून गेला.

खरं कोडं होतं ते पेटीच्या शिवणीचं. कल्याणी लाकडी पेटीत डब्यांभोवती बर्फ आणि मीठ भरी, त्याभोवती लाकडाचा भुसा, पेटीच्या तोंडावर गोणपाट, आणि गोणपाट दाभणानं शिवून टाकी. कोल्हापूरला पोचलेली शिवण घट्ट आणि सरळ होती. कुठं उसवलेलं नाही, कुठं गाठ सुटलेली नाही. बंद पेटीत बसून हापूस आपोआप मेला होता. यांना यात संमोहन दिसलं.

मारुतीरावांचं पत्र यांनी पुरावा म्हणून कुलपात ठेवलं होतं. एकदा धूळ झटकताना मला ते वाचायला मिळालं. त्यात शेवटी एक ओळ होती, ‘भुसा मात्र कोरडा ठणठणीत होता, हे नमूद करतो.’

“अहो,” मी रात्रीचं पान वाढताना म्हटलं, “बर्फ जर विरघळला, तर भुसा ओला व्हायला हवा ना?”

“आमटी वाढ,” हे म्हणाले.

मी आमटी वाढली.

तिसऱ्या खेपेला यांनी ठरवलं की पेटीबरोबर स्वतः जायचं, वेष पालटून. तंबाखूच्या व्यापाऱ्याचा वेष. जरीचा रुमाल, लांब कोट, आणि मिशा. मिशा खळीनं चिकटवल्या होत्या. आमच्या शहापुरात सूत ताठ करायला जी खळ लावतात तीच. कल्याणी दुसरा माल गोठवायला मागं राहिली. मला बरोबर घेतलं ते यांच्या जेवणाच्या डब्यासाठी. आणि माझं आपलं एक होतंच. वैशाखभर रोज वाटेवरच्या पाच तहानलेल्यांना गार पाणी दिल्याशिवाय मी अन्न घेत नाही. म्हणून माठ मांडीवर धरून मी लॉरीत बसले.

निघताना कल्याणीनं पेटीवर हात ठेवला. “आक्का, आज सोमवार. शुक्रवारी अमावास्या.” एवढंच म्हणाली.

वाटेत काकतीला एकानं हाक मारली, “काय दत्तोपंत, मिशा कवापासनं?” संकेश्वरला दुसऱ्यानं विचारलं, “दत्तोपंत, नाटक हाय व्हय कुठं?” हे दोघांनाही कानडीत उत्तर देत होते. व्यापारी कानडी आहे असं यांनी ठरवलं होतं. कानडी यांना दोनच वाक्यं येतात, आणि त्यांतलं एक आजारपणाचं आहे.

दहाच्या सुमाराला निपाणी आली. कोल्हापूरची मोटार तीनला सुटायची. तोवर पेटी एका तंबाखूच्या वखारीत ठेवायची रीत होती. वखारीच्या भिंती हातभर जाड, आत गार अंधार, म्हणून कल्याणीनंच ती जागा निवडली होती. तिथला मुकादम नागोजी. टापटिपीचा माणूस. शर्टाची गुंडी न् गुंडी लावलेली, खांद्यावर धुतलेलं फडकं. तंबाखूच्या बोदांच्या, म्हणजे त्या भल्या मोठ्या पोत्यांच्या, थप्प्या ओळंब्यानं लावल्यासारख्या.

“या वखारीत वीस वर्सं झाली,” तो म्हणाला. “एका बोदाला कदी बुरशी आली न्हाय. तुमच्या मालाची काळजी करू नगासा.”

यांनी त्याला खालून वर न्याहाळलं. “हा मनुष्य संशयाच्या पलीकडे आहे,” आपण कानडी बोलतोय असं समजून यांनी मला मराठीतच सांगितलं. “आता आपण समोर लपून वखारीच्या दारावर नजर ठेवायची. चोर आला की झडप.”

समोर रवळूचं सोडालेमनचं दुकान होतं. रवळू बर्फ घालून सोडा द्यायचा. त्याची लादी बेळगावहून यल्लाप्पाच्याच लॉरीतून यायची. हे तिथं लपले. लपल्यावर तहान लागते. पहिल्या सोड्यावर यांनी म्हटलं, बर्फ जरा जास्त घाल.

मी माठ घेऊन वखारीच्या मागच्या अंगाला गेले. तिथं आडाजवळ तंबाखू निवडणाऱ्या बायका सावलीला बसल्या होत्या. डोळे लाल, नाकातोंडावर पदर. चौघींनी पाणी घेतलं. पाचवी शालूबाई. तिनं फुलपात्र तोंडापासून वर धरून घटाघटा संपवलं, पुसलं, आणि म्हणाली,

“देव भलं करो आक्का तुमचं. आमच्या मुकादमालाबी पाजा की थोडं. त्याच्या डोस्क्याला ऊन लागलंय.”

“का गं?”

“अवं, मगापासनं डब्यास्नी पुसत बसलाय! पुसतोय, ठेवतोय, परत पुसतोय. लेकराला न्हाऊ घातल्यावानी.”

माझ्या हातातला माठ आडाच्या कट्ट्यावर कसा ठेवला गेला ते मला आठवत नाही.

मागच्या अंगणात ताडपत्री पसरली होती. तिच्यावर आमचा भुसा, बोटभर जाडीचा, छान हात फिरवून वाळत घातलेला. बाजूला बर्फाचा ढीग ओतून दिलेला, त्याचा ओहोळ तुळशीकडं निघालेला. आणि उन्हात ओळीनं मांडलेले आमचे डबे. नागोजी उकिडवा बसून एकेक डबा फडक्यानं पुसत होता. त्याच्या कपाळाला आठ्या होत्या.

“अहो नागोजी, हे काय करताय?” माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“काय सांगू आक्का. तिसरी खेप ही, आन तिन्ही बारीला माल असाच. भुसा ओला, पेटीत पानी. तंबाकूला एवडी ओल लागली तर मालक मला उबा ठेवंल का? म्हून समदं काडतो, वाळवतो, परत भरून टाका घालतो. पर ह्या डब्यास्नी घाम सुटतोय बगा! पुसलं की परत सुटतोय. लई आजारी माल हाय तुमचा.”

“शिवण?”

“ती मीच घालतो. तुमच्याच सुतळीनं. भोकाला भोक मिळवून.” तो जरा लाजला. “बोदं शिवायला हात बसलाय न्हवं.”

वीस वर्षांत एका बोदाला बुरशी न येऊ देणारा हात! त्याला बोल तरी कसा लावायचा? निपाणीत ओल म्हणजे नुकसान. तिथल्या तान्ह्या मुलालाही ते कळतं. आम्ही त्याच्याकडे बर्फ सोपवला होता आणि तो बर्फाला ओलीतून वाचवत होता.

मी यांना बोलावून आणलं. हे धावत आले. एक मिशी सोड्यात भिजून ओठाखाली आली होती. अंगणाचा देखावा यांनी पाहिला, पण नजर जाऊन थांबली भिंतीवरच्या दगडी पाटीवर. तिच्यावर नागोजीनं कुणाकडून तरी खडूनं लिहवून घेतलं होतं, ‘बेळगावची पेटी. ओलाव्यापासून अत्यंत जपावे. ओल दिसताच माल उघडून वाळवावा.’

“हा बघ सूत्रधार!” हे गरजले. “नागोजी हे नुसतं बाहुलं. गुन्हेगार हे लिहिणारा. भाषा बघ! ‘अत्यंत जपावे.’ हा मनुष्य अर्धवट शिकलेला, स्वतःला फार शहाणा समजणारा, नको तिथं नाक खुपसणारा असला पाहिजे. बायको बिचारी सोशीक असणार. अशा मूर्खाच्या हाती शाई देणं हाच मुळात गुन्हा आहे. कुणी सांगितलं तुला हे लिहायला?”

“पेटीवरनंच उतरवून घेटलंय जी,” नागोजी म्हणाला.

त्यानं रिकामी पेटी भिंतीपासून वळवली. मागच्या फळीवर, तांबड्या रंगात, वळणदार मोडणीत, कोर्टातल्या नकलांना शोभेल अशा अक्षरांत तीच तीन वाक्यं होती. खाली दोन ठसठशीत रेघा. पेटीवर नावपत्ता घालायचं काम यांनी हौसेनं मागून घेतलं होतं. पत्ता घातल्यावर बरीच फळी उरली, तर ती यांनी सुचेल तशी भरली. आम्ही दोघी बहिणी ती कधी वाचायला गेलो नव्हतो.

शालूबाईनं पदर तोंडाशी नेला, पण तंबाखूमुळे असेल.

“अक्षर,” हे शेवटी म्हणाले, “हुबेहूब उचललं आहे. बनावट करणारा कसबी दिसतो.”

मला बनावटीकडं बघायला वेळ नव्हता. साक्षीची डबी मी हातात घेतली. झाकण काढलं. घुंगरू वरच होतं. मी नखानं हलवून बघितलं, हललं नाही. मोठे डबे एकेक करून कानाशी नेऊन हलवले. उन्हात आधी मांडलेल्या चारांतून पाण्याचा आवाज आला. बाकीचे मुके होते, दगडासारखे.

“हे चार आता कोल्हापूरला जायचे नाहीत,” मी म्हटलं. “शालूबाई, आत्ताच्या आत्ता संपवा. ठेवायचे नाहीत.”

“आमी?” ती म्हणाली. मग पाचहीजणी डब्यांभोवती बसल्या आणि थोडा वेळ अंगणात फक्त बोटं चाटल्याचा आवाज होता.

“नागोजी, बाकीचे आधी सावलीत घ्या. आणि बर्फ पाहिजे. खडेमीठ पाहिजे.”

आपल्या हातून काय झालं हे नागोजीला तोवर कळलं होतं. तो पळत सुटला. मीठ त्यानं वाण्याकडून पोतंच उचलून आणलं. बर्फासाठी मी रवळूकडे गेले. त्यानं पेटारा उघडून दाखवला.

“लादी अर्दीच उरलीया आक्का. तुमच्या मालकांनी सात सोडे घेटले. परत्येक बारीला ‘बर्फ जास्त घाल’.”

अर्धी लादी, ओतून दिलेल्या ढिगातला जो टिकला होता तो बर्फ, मीठ, आणि तोच भुसा. पेटी भरली. नागोजीनं टाका घातला. पांढऱ्या चुन्याचा कुंचा आणून मी ती तांबडी अक्षरं पुसून टाकली, आणि तीनच्या मोटारीत पेटीवर हात ठेवून बसले. ओठांत जप चालू होता. रोज मोजून एक माळ करते. त्या दिवशी मोजल्या नाहीत.

हेही चढले होते. पण कोगनोळीच्या नाक्यावर जकातीच्या कारकुनानं गाडीत डोकावलं, आणि त्याला दिसला जरीचा रुमाल बांधलेला एक व्यापारी, ज्याची अर्धी मिशी हनुवटीवर होती आणि उरलेल्या अर्धीला मुंग्या लागल्या होत्या.

“नाव काय?” कारकुनानं विचारलं.

यांनी कानडीत सांगितलं की पोटात दुखतंय.

यांना उतरवून घेतलं. मी यांच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. पेटीत पाणी व्हायला लागलं असतं. मी यांचा डबा खिडकीतून यांच्या हाती दिला आणि मोटार निघाली. पतिव्रतेनं नवऱ्याला उपाशी ठेवू नये.

कोल्हापुरात मारुतीरावांनी गोणपाट कापलं. भुशात हात घातला आणि बोटं चोळली. “ओला,” ते पुटपुटले. एक डबा उघडून फोडीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. दारावर थाप मारावी तसा आवाज आला. मग साक्षीची डबी उघडली आणि आतल्या घुंगराला बोट लावून बघितलं.

“हे काय?”

मी सांगितलं. चार डबे कमी का आहेत तेही सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न न विचारता ऐकलं. एवढं लांब बोलणं माझं कुणी सरळ ऐकून घेतल्याला बरीच वर्षं झाली होती.

“तुमच्या बहिणीला सांगा, श्रावणापर्यंत दर सोमवारी पेटी येऊ दे,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षीही. आणि हे घुंगरू प्रत्येक पेटीत पाहिजे.”

शुक्रवारी अमावास्येला दीर आले. कल्याणीनं त्यांना पाट मांडला, पंखा घातला, आणि वाटीत गोठलेल्या हापूसच्या फोडी दिल्या. त्यांनी पहिली फोड चावली आणि दाढ धरून बसले. दुसरी चोखत खाल्ली. तिसरी मागून घेतली. गाडीत बसताना एकटेच बसले. त्या संध्याकाळी कल्याणीनं ट्रंक उघडून लुगडी परत दांडीवर टाकली.

नागोजी अजून पेटी सांभाळतो. दर सोमवारी बारा वाजता भुसा ओला आहे ना बघतो, नसला तर काळजीनं निरोप धाडतो.

आता हे जागे झालेत. डोळे चोळत विचारलं, “कुठवर आलो होतो?”

“‘हादरली’वर.”

“हां. लिही. शेवटच लिहू एकदम. ‘प्रकरणाचा उलगडा मी कोगनोळीच्या नाक्यावर बसल्या जागी केला. तथापि ती सूचना लिहिणारा नराधम अद्याप मोकळा फिरतो आहे. त्याचे नाव अज्ञात. पत्ता अज्ञात.’ लिहिलंस?”

“लिहिलं,” मी म्हटलं.

नाव मी घातलं नाही. ते माझ्या तोंडून जसं निघत नाही, तसं लेखणीतूनही निघत नाही. पत्ता तेवढा भरला आहे. माझं अक्षर बारीक आहे आणि यांचा चष्मा यल्लाप्पाच्या लॉरीत राहिलाय.